समुपदेशनात विठ्ठलाचं नाव निघालं तर?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

आई ६७ वर्षांची. बार्शीकडचं माळकरी घर. आळंदीहून पायी तिच्या एकोणीस वाऱ्या झाल्यात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाबा गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते, आणि ते अकराही दिवस ती बाहेरच्या बाकावर हरिपाठ म्हणत बसली होती. त्यानंतर हरिपाठ थांबला तो थांबलाच. देवघरात दिवा लावते, पण मूर्तीकडे बघत नाही. जेवण तुटलं. पहाटे तीनला उठून भिंतीला टेकून बसायची. जानेवारीत तिला माझ्याकडे पुण्याला आणलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. डिप्रेशन म्हणाले, गोळ्या सुरू केल्या. पाच-सहा आठवड्यांत झोप लागायला लागली, चार घास जास्त जायला लागले. गोळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

डॉक्टरांनी सोबत समुपदेशनही घ्यायला सांगितलं. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, मन लावून ऐकायच्या. दुसऱ्या सेशनला आई म्हणाली, "विठ्ठलानं पाठ फिरवली माझ्याकडं." त्या म्हणाल्या, "काकू, देवाचं आपण जरा बाजूला ठेवू. तुमच्याबद्दल बोलू." रिक्षात बसल्यावर आई मला म्हणते, "अगं, मी माझ्याबद्दलच बोलत होते की." तिसऱ्या वेळेला ती गेली नाही.

दुसरीकडे नातेवाईक. चुलतमामा तिला एका महाराजांकडे घेऊन गेले. त्यांचं निदान असं की कुलदेवतेचं काहीतरी करायचं राहिलं म्हणून धनी गेला, आता गोळ्या बंद करा आणि अमुक पूजा करा. घरी येऊन आई दोन दिवस रडत होती. बाबा आपल्या चुकीनेच गेले असं आता तिच्या मनाने घेतलंय.

एकांनी देवाला चपलांसारखं दाराबाहेर ठेवायला सांगितलं, दुसऱ्यांनी त्याच देवाच्या नावाने तिला घाबरवून सोडलं. यांच्या मधलं काही असतं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

वाटसरू_सातारा | सोमवार, रात्री १०:२५

ताई, आधी एक सांगतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. त्या महाराजांचं वाचून संताप आला. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. मनाच्या आजारात अडवणारेही तेवढंच नुकसान करतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत कदाचित आवडणार नाही. समुपदेशकाने देवाच्या वाटेला जाऊ नये. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला काय झालं ते आठवा. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी ठिकाणी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. "इथे देव बरं करतो" या एका वाक्यावर ती जागा चालत होती. तेच वाक्य उद्या पदवीधर माणूस एसी खोलीत बसून बोलायला लागला, तर लोक त्याच्यावर दुप्पट विश्वास ठेवतील. मला त्याची भीती वाटते.

मनमोकळी | मंगळवार, सकाळी ७:१०

मी समुपदेशक आहे, ठाण्यात १४ वर्षं काम करते. वाटसरू, तुमची भीती मला मान्य आहे. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. समुपदेशकाने आपला देव समोरच्याच्या गळ्यात घालणं ही एक. समोरच्याने स्वतःचा देव सोबत आणलाच असेल तर त्याला बसायला जागा देणं ही दुसरी. पहिली चूकच. दुसरी टाळली तर काय होतं ते रानजाईच्या आईने रिक्षात एका वाक्यात सांगितलंय.

आमच्या शिक्षणात याबद्दल फार कमी शिकवतात आणि त्याला इतिहास आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९२७ मध्ये धर्माला सरळ भ्रम म्हटलं. पण त्याचाच जवळचा मित्र ऑस्कर फिस्टर हा झुरिचचा पाद्री होता, मनोविश्लेषणही करायचा. त्याने पुढच्याच वर्षी फ्रॉइडला लेखी उत्तर दिलं. दोघांची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. म्हणजे हा वाद आपण आज काढलेला नाही. अल्बर्ट एलिसचंही तसंच. कि. मो. फडके यांनी ज्यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत रुजवली, तेच हे एलिस. पक्के नास्तिक. कट्टर धार्मिकता आणि मानसिक अस्वास्थ्य हातात हात घालून चालतात असं ते सुरुवातीला म्हणायचे. पुढे त्यांनी स्वतःच भूमिका मवाळ केली आणि २००१ मध्ये दोन धार्मिक मानसशास्त्रज्ञांसोबत, श्रद्धाळू माणसांबरोबर ही पद्धत कशी वापरावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता पुरावा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात हॅरॉल्ड केनिग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. नैराश्य आणि जोडीला जुनाट शारीरिक आजार असलेले १३२ जण. निम्म्यांना नेहमीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, निम्म्यांना त्यांच्याच धर्माची वचनं, प्रार्थना, कृतज्ञता, क्षमा यांची जोड दिलेली सीबीटी. दहा-दहा सेशन, बहुतेक फोनवर. ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच धर्मांसाठी पुस्तिका केल्या होत्या. निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. जे जास्त धार्मिक होते त्यांना धर्माची जोड किंचित जास्त लागू पडल्याची चिन्हं दिसली, एवढंच. हा चमत्कार नाही. पण जोड दिल्याने उपचार पातळ झाला असंही नाही.

मला स्वतःला त्याहून आवडतो तो रेबेका प्रॉप्स्ट यांचा १९९२ चा अभ्यास. धार्मिक रुग्ण ५९. धर्माशी जोडलेली सीबीटी उपयोगी पडलीच, पण ती ज्यांच्या हातून सगळ्यात चांगली झाली ते थेरपिस्ट स्वतः धार्मिक नव्हते! मी याचा अर्थ असा लावते की ज्याला उत्तर आधीच माहीत नसतं तो जास्त नीट विचारतो.

रानजाई, आता तुझ्या आईबद्दल. "विठ्ठलानं पाठ फिरवली" हे वाक्य ऐकून मी तरी खुर्ची पुढे ओढून घेतली असती. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाने देवाचा आधार आणि देवाशी झुंज या दोन वेगळ्या गोष्टी मोजून दाखवल्या. त्यांच्या २००१ च्या अभ्यासात ५५ वर्षांवरचे, रुग्णालयात दाखल झालेले ५९६ जण होते. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम राहिलं नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही जास्त. म्हणून ते वाक्य बाजूला ठेवायचं नसतं. त्यापासूनच सुरुवात करायची असते.

आणि यासाठी आपल्याकडे जे आहे ते ड्यूकच्या पुस्तिकेत नाही. वारकरी परंपरेत देवावर रागवायची मुभा आहे. जनाबाई तर विठ्ठलाला "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणते. आईला विचारून बघ, तिला विठ्ठलाला काय बोलायचंय. त्याची समजूत काढून दे असं नाही. नुसतं, काय बोलायचंय.

रानजाई | मंगळवार, दुपारी १:०५

मनमोकळी, वाचून ऑफिसात डोळे भरून आले. रात्री विचारते. आईला जनाबाई तोंडपाठ आहे.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:३०

मी एए मध्ये आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सोडून ११ वर्षं झाली. नास्तिक आहे, तेव्हाही होतो.

एए १९३५ ला अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालं, दोन दारुड्यांच्या भेटीतून. एक शेअर बाजारातला, एक डॉक्टर. बारा पायऱ्यांमध्ये देव सारखा येतो. पहिल्या मीटिंगला मी तिथूनच उठून जाणार होतो. शेजारच्या काकांनी हात धरून बसवलं आणि म्हणाले, "नीट वाच. आपल्याला उमगलेला ईश्वर असं लिहिलंय. तुला काय उमगलंय?" म्हटलं, काहीच नाही. "मग आज ही खोली उमगू दे. या खोलीत तुझ्यापेक्षा जास्त ताकद आहे की नाही?" होती. पंधरा माणसं न पिता बसलेली होती, मी एकटा थरथरत होतो. माझी उच्चशक्ती म्हणजे ती खोली. आजही तीच आहे.

माझ्याच ग्रुपमधला एक जण दत्तभक्त. त्याची उच्चशक्ती गाणगापूर. पायऱ्या दोघांच्या त्याच. आम्ही एकमेकांना कधी पटवायला गेलो नाही. वाटसरूंना एवढंच सांगतो, देव या शब्दाची जागा मोकळी ठेवली होती म्हणून मी वाचलो. कोणी ती भरून दिली असती तर पळालो असतो, आणि पुसून टाकली असती तर तो दत्तभक्त पळाला असता.

तुळस_अंगणातली | मंगळवार, रात्री ११:१५

वेगळी बाजू लिहिते. माझ्या बाबतीत श्रद्धा हाच आजाराचा मुखवटा होता.

दुसऱ्या बाळंतपणानंतर सोवळं वाढत गेलं. देवघर दिवसातून सहा वेळा पुसायचे. जपात वाईट विचार आला की माळ पहिल्या मण्यापासून. पहाटे चारला सुरू केलेली पूजा आठपर्यंत संपायची नाही. हाताच्या कातडीला भेगा पडलेल्या, लेकीला जवळ घ्यायची भीती, कारण ती शाळेतून आलेली. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, आमच्या सुनेचं किती कडक आहे. तीन वर्षं कोणाला आजार दिसला नाही, कारण तो देवघरात बसला होता. आजी जिवंत असती तर बघताक्षणी मंत्रचळ म्हणाली असती. इंग्रजीत ओसीडी.

याच्या उपचारात ज्याची भीती वाटते ते करायचं आणि मग शुद्धी न करता थांबायचं. माझ्या थेरपिस्ट म्हणाल्या, आंघोळ न करता देवघराच्या उंबऱ्याला हात लावायचा. मी म्हटलं हे पाप आहे, तुम्ही मला धर्म सोडायला सांगताय. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, पाप काय ते मी ठरवू शकत नाही. तुमच्या घरचे गुरुजी ठरवू शकतील का? माझ्या परवानगीने त्यांनी गुरुजींना एकदा बोलावून घेतलं. गुरुजी म्हणाले, आजारी माणसाला आपद्धर्म असतो, आणि मानसपूजेला सोवळं लागत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "देवाला तू नकोयस असं तुला कोणी सांगितलं?" त्या दिवशी मी उंबऱ्याला हात लावला.

थेरपिस्टनी अट मात्र घातली की गुरुजींना हा प्रश्न एकदाच विचारायचा. कारण पुन्हा पुन्हा "हे चालेल ना, ते चालेल ना" विचारत राहणं हाही आजाराचाच भाग. मला दर दिवशी फोन करावासा वाटायचा. नाही केला. आज पूजा वीस मिनिटांत होते. सोवळं सुटलं, देव सुटला नाही.

नूर_मिरज | बुधवार, सकाळी १०:५०

तुळसताई, तुमचं वाचून लिहायची हिंमत आली.

माझ्या लग्नात मारहाण होती. माहेरी सांगितलं की एकच शब्द कानावर यायचा, सब्र. सब्र कर बेटा, अल्लाह देख रहा है. मी नमाज पढून रडायचे, परत जायचे. झोप उडाली, छातीत धडधड. हृदयाच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. मग डॉक्टरांनी एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्या हिंदू. वाटलं, या म्हणतील तुमच्या धर्मातच असं असतं. त्यांनी विचारलं, "सब्र म्हणजे काय, मला समजावून सांगाल?" समजावता समजावता मीच अडकले. मला गप्प बसणं हा एकच अर्थ शिकवला होता. त्या म्हणाल्या, तुमचा ज्यांच्यावर भरवसा आहे अशा जाणत्या माणसाला विचारून या. मी आमच्या मोठ्या खालूंना, म्हणजे मावशीच्या यजमानांना विचारलं, ते शिकलेले आहेत. म्हणाले, सब्र म्हणजे संकटात इमान ढळू न देणं, जुलूम सहन करणं नव्हे. जुलूम थांबवणं हे तर कर्तव्य आहे. मी ते वाक्य घेऊन परत गेले आणि पुढच्या सहा महिन्यांत घराबाहेर पडले. ताईंनी "घर सोडा" असं एकदाही म्हटलं नव्हतं.

दर्ग्यांबद्दल थोडं. सगळीकडे एरवाडी नसतं. गुजरातेत उनावाला मीरा दातार दर्ग्यात "दवा और दुआ" नावाचा उपक्रम चालतो. दुआ मागायला आलेल्यांना तिथल्या तिथे मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात, आणि मुजावरच लोकांना त्यांच्याकडे पाठवतात. झियारत सोडा असं कोणी म्हणत नाही.

लीड्सकर | बुधवार, दुपारी ४:४०

इथे इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात गझाला मीर यांनी नैराश्यावरची एक नेहमीची उपचारपद्धती मुस्लिम रुग्णांसाठी जुळवून घेतली आहे. सोबत एक पुस्तिका असते, त्यात कुराणातली आशेची, प्रयत्नांची वचनं. ती वापरायची की नाही हे रुग्ण ठरवतो. माझ्या शेजारणीने घेतली. ती म्हणाली, मशिदीतले लोक थेरपीला नावं ठेवतात आणि थेरपीवाले मशिदीला, पहिल्यांदाच दोन्ही एका कागदावर दिसलं.

वाटसरू_सातारा | बुधवार, रात्री ९:२०

नूरताई, तुळसताई, तुमचं वाचून दिवसभर विचार करत होतो. तुमच्या दोघींच्या समुपदेशकांनी धर्माबद्दल स्वतः एक वाक्यही उच्चारलं नाही, फक्त विचारलं. याला माझा विरोध असूच शकत नाही. मी ज्याला घाबरतो ते हे नाही.

पण मनमोकळीताई, बंद दाराआड काय चालतं ते आम्हाला कसं कळणार? कोणी सेशनमध्ये गुरूचा फोटो लावून बसलाय, कोणी नाडी-ग्रह सांगतोय, आणि दारावर पाटी "समुपदेशन केंद्र". हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मनमोकळी | गुरुवार, सकाळी ६:५५

मीही पाहिलंय, आणि लाज वाटते.

मी काय पाळते ते सांगते. पहिल्या भेटीत झोप, भूक, घर, नोकरी यांच्यासोबत चार साध्या गोष्टी विचारते. तुमची कशावर श्रद्धा आहे का, तिला तुमच्या आयुष्यात किती जागा आहे, त्यात तुमच्यासोबत कोण असतं, आणि इथे त्याबद्दल बोलायला तुम्हाला आवडेल का. हे मी काढलेलं नाही. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ मध्ये डॉक्टरांसाठी बसवलेले हे प्रश्न. "श्रद्धा नाही" असं उत्तर आलं तर तो विषय तिथेच संपतो. माझी श्रद्धा काय हे कोणी विचारलं तर प्रश्न का पडला ते विचारते, प्रचार करत नाही. शास्त्रार्थ करत नाही, तो माझा प्रांत नाही. नवस, उपाय, मुहूर्त यांपैकी काहीही माझ्या तोंडून निघालं तर रुग्णाने उठून जावं.

आणि औषधांच्या वेळा. यावर फार कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. उपवासाला गोळी चुकवणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं हे कळल्यावर गुपचूप औषध सोडलेल्या एक माळकरी बाई होत्या. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळी दिली असती, पण देवाधर्माचं डॉक्टरांपुढे कसं बोलायचं! लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याने निर्जळी उपवास किंवा रोजे धरायच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं असतं. श्रद्धेबद्दल न विचारणारा डॉक्टर हे कधी कळून घेणार?

एरवाडीबद्दल एक राहिलं. त्याच तमिळनाडूतल्या एका देवळाचा अभ्यास निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेतल्या मंडळींनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. गंभीर मानसिक आजार असलेले ३१ जण, प्रत्येकाबरोबर घरचं माणूस. सकाळी छोटी पूजा, मग झाडलोट करायची, झाडांना पाणी घालायचं. साखळी नाही, मारझोड नाही, उतारा नाही. राहून निघताना त्यांची लक्षणं सरासरी २० टक्क्यांच्या आसपास उतरलेली होती. अभ्यास छोटा, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून याने औषध सोडा असं कोणी म्हणू नये. पण एका ठिकाणी देवाच्या नावावर माणसाला साखळीने बांधलं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हातात झारी दिली. वाटसरू, फरक तिथे शोधायला हवा असं मला वाटतं.

वाटसरू_सातारा | गुरुवार, सकाळी ८:३०

झारीचं पटलं. पाटीवरच्या नावांची नीट नोंदणी आणि तपासणी व्हावी यासाठी मात्र मी भांडत राहणार.

मनमोकळी | गुरुवार, सकाळी ८:४२

भांडा. मी सही करायला येते.

रानजाई | रविवार, सायंकाळी ६:१५

उशिरा लिहितेय, तसंच घडलं.

मंगळवारी रात्री आईला विचारलं, विठ्ठल समोर आला तर काय बोलशील? गप्प बसली. मी भांडी आवरत होते. बऱ्याच वेळाने पाठीमागून आवाज आला, "उभी राहूनि आंगणी, शिव्या देत दासी जनी." शेवटची ओळ आधी म्हणाली. मग सुरुवातीपासून अख्खा अभंग. तुम्हाला माहीत असेल, त्यात मध्ये विठ्ठलाच्या घरच्या वैधव्याची ओळ आहे. तिथे आवाज फाटला तिचा. मग म्हणाली, "अकरा दिवस बसले रे तुझ्या नावानं. अकरा." बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती असं मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं, महाराजांचंही. त्यांनी दुसऱ्या समुपदेशकांचं नाव दिलं. शुक्रवारी जाऊन आलो. या बाईंनी दिंडी कोणती, वीणा कोणाकडे असते, बाबा कधी सोबत चालले होते का, सगळं विचारलं. आई चाळीस मिनिटं बोलली. तुझ्या चुकीने बाबा गेले असं विठ्ठल म्हणेल का, असंही विचारलं त्यांनी. आई म्हणाली, "तो नाही म्हणायचा तसं. माणसंच म्हणतात." चुलतमामांशी मी बोलले, ते रागावलेत.

हरिपाठ अजून नाही. काल मूर्तीसमोर बसली होती, मी विचारलं तर म्हणाली, "अजून बोलायचं आहे मला त्याला."

मनमोकळी, एक विचारायचं होतं. एकादशीला ती रात्रीपर्यंत काही खात नाही आणि सकाळची गोळी जेवणानंतरची आहे. डॉक्टरांना उद्या फोन करणार आहे, तोवर भगर चालेल ना सोबत?

मनमोकळी | रविवार, सायंकाळी ७:०२

डॉक्टरांना विचारच. आणि उद्या फोन केलास की आईला शेजारी बसव, स्पीकरवर ठेव. तिच्याच तोंडून विचारू दे.